पावण्यांच्या पोटातला धागा

माझी नात कोल्हापूरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. परवा सुट्टीला आली तेव्हा जेवताना सांगत होती की, समुद्रातल्या माशांच्या पोटात प्लॅस्टिकचे बारीक तुकडे सापडतात, कपड्यांचे धागे सापडतात. डोळ्यांना न दिसणारे जीवसुद्धा म्हणे त्या धाग्यांवर वस्ती करून राहतात, पण ते धागे खाऊन संपवणं त्यांना जमत नाही. हे ती अशा थाटात सांगत होती, जणू कालच कुणीतरी शोध लावला. मी म्हटलं, "गप जेव, भाकरी गार होतीया." तिला वाटलं, आजीच्या डोक्यावरून गेलं. कुठलं डोक्यावरून? तो धागा मी ओल्या तळहातावर धरून बघितलाय, आणि तो माझ्या सासरच्या मागावरचा होता.

माझं माहेर कुरुंदवाडचं. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तिथं किराणा-भुसाराचं दुकान. आम्ही गळ्यात लिंग बांधणारी माणसं. मासा शिजणं सोडाच, जेवताना त्याचं नावसुद्धा कुणी काढत नसे. आणि तरी सगळ्या गावात माशांचा आप्पांइतका सोयरा दुसरा कुणी नव्हता. त्याचं असं होतं. दुकानात तोलताना पीठ सांडतं, डाळ सांडते. काट्याखाली पडलेलं विकायचं नाही आणि घरातही न्यायचं नाही, हा आप्पांचा नेम. "गिऱ्हाइकाचं बी न्हाय, आपलं बी न्हाय," ते म्हणायचे. मिळालेल्यातलं वाटून खावं, याला आमच्यात दासोह म्हणतात. बाकीचे व्यापारी मठात पोतं पाठवायचे. आप्पा सांडलेलं पीठ चाळून, मळून पंचगंगेच्या घाटावर न्यायचे.

सकाळी दुकान उघडायच्या आधी जायचे. अव्वाच्या, म्हणजे आईच्या, जुन्या लुगड्याची शिवलेली एक पिशवी होती, तिच्यात कणकेचे गोळे. खालच्या पायरीवर बसायचे, पितळी तांब्या दगडावर वाजवायचे आणि हाक द्यायचे, "या पावणं, जेवाय या." लहानपणी मला त्याची लाज वाटायची, कारण घाटावर धुणं धुणाऱ्या बायका हसायच्या. पण पावणे यायचे. पाणी तळातून हलायला लागायचं आणि बोटभर पिल्लांपासून हातभर लांबीच्या धुडांपर्यंत सगळी पंगत आप्पांच्या पायाशी. त्यांच्यात शेपटीला खाच पडलेली एक मोठी मादी होती. तिला ते मालकीणबाई म्हणत. ती सगळ्यांत शेवटी यायची आणि थेट त्यांच्या तळहातावरचा गोळा उचलायची. अव्वा गेल्यावर आप्पा आम्हा भावंडांशी जेवढं बोलले नाहीत तेवढं तिच्याशी बोलले. मला तिचा राग यायचा, खोटं कशाला सांगू.

आप्पांची एक समजूत होती. "मुकं जनावर हाय," ते म्हणायचे, "त्याला फसवता येत न्हाय. ज्या दिशी ही तोंड फिरवतील त्या दिशी समजायचं, आपल्या हातात खोट आली." दुकानदार माणूस, दिवसभर काटा हातात. आपण सरळ आहोत का, हे विचारायला त्यांच्याकडं दुसरं कोणी नव्हतं. देवाला विचारायचं तर देव बोलत नाही. मासे मात्र रोज सकाळी येऊन सांगून जायचे.

आता त्या गोळ्यांची गंमत. नुसत्या कणकेचा गोळा वाहत्या पाण्यात लगेच विरघळतो. वरच्यावर पिल्लंच खाऊन जातात, तळाशी बसणाऱ्या म्हाताऱ्या माशांना काही मिळत नाही. नदीवरच्या एका भोयानं आप्पांना सांगितलं होतं की, कणकेत चिमूटभर कापूस मळा, गोळा तगतो. गळ टाकणारी माणसं तसंच करतात. मारणाऱ्यांची ती युक्ती आप्पांनी जेवू घालायला घेतली आणि याचा त्यांना केवढा अभिमान. कापूस पोटात गेला तर काय, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "सरकीच्या पोटचा तो. मातीतनं आलाय, कुठंबी जिरतोय."

साठ-बासष्टच्या सुमाराला माझं लग्न झालं आणि मी कबनुरात आले. सासरी यंत्रमाग. घराच्या मागच्या अंगाला शेड, त्यात खटाखट चालणारे माग, आणि त्यांच्या खाली संध्याकाळपर्यंत साचणारा कापूस. सुताचा झडलेला, पांढरा, मऊ. तो रोज झाडून परड्यातल्या उकिरड्यात टाकायचा. पुढच्या वर्षी त्याचं काळं खत होऊन शेतात जायचं. सासूबाई तोंडाच्या फटकळ पण मनाच्या मोठ्या. मी पहिल्यांदा माहेरी निघाले आणि आप्पांच्या गोळ्यांची गोष्ट सांगितली, तशी त्यांनी हसत मागाखालचा चांगला कापूस निवडून गाठोडं बांधून दिलं. "घे, तुझ्या बाच्या पावण्यांचा आहेर," म्हणाल्या. "लोक लेकीच्या घरचं पाणी पीत न्हाईत, आन् तुझा बा कापूस नेतोय की." तेव्हापासून रीतच पडली. लेक माहेरी येताना खाऊ आणते, मी गाठोडं आणायचे. आप्पा दारातच विचारायचे, "आणलंस काय गं अक्का?" मी बरी आहे का, हे त्यानंतर.

मग टेरिकॉटचे, कारखान्यात केलेल्या कृत्रिम सुताचे, दिवस आले. आधी एकानं लावलं, मग गल्लीनं लावलं, मग आमच्याकडं. नवऱ्याला दोष देत नाही. सुती धोतरं, सुती लुगडी कोण घेत होतं? माणसांना सुरकुती न पडणारा शर्ट पाहिजे, वर्षानुवर्षं न फाटणारी साडी पाहिजे. धंद्यात टिकून राहायचं तर सूत बदलणं भाग होतं. मागाचा आवाज तोच राहिला. खाली साचणारंही तसंच दिसायचं, उलट जास्त पांढरं, जास्त मऊ. फक्त ते अंगाला चिकटायचं. केसांत, पापण्यांत, चहाच्या कपात, परातीतल्या पिठात. भाकरीतून बारीक तार निघाली की आम्ही ती दातांतनं ओढून काढायचो आणि पुढचा घास घ्यायचो. सासूबाईंनी गाठोडं बांधायचं थांबवलं नाही आणि मी न्यायचं थांबवलं नाही. कापूस तो कापूस, त्यात बघायचं काय?

आप्पांना तर हा नवा माल फार आवडला. "लई चिवट हाय गं," म्हणाले. "गोळा तळापत्तुर जातोय बघ, फुटतच न्हाय." एकदा आमच्याकडं राणी रंगाचं कापड चाललं होतं, तेव्हा गाठोड्यात सगळं राणी रंगाचं गेलं. आप्पा खूश. म्हणाले, पावण्यांना बी सणासुदीचं जेवण झालं.

दुसऱ्या का तिसऱ्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा आप्पांचा दारातला प्रश्न आला नाही. गाठोडं घेतलं आणि बाजूला ठेवलं. धाकटा भाऊ शाळेत विज्ञान शिकवायचा, तो म्हणाला, घाटावर मासे कमी येतात. जे येतात ते गोळा तोंडात घेऊन सोडून देतात. मालकीणबाई येते पण नुसती उभी राहते. तिचं डोकं मोठं आणि अंग वाळलेलं दिसतं, पोट मात्र फुगलेलं. भाऊ आप्पांना सांगून थकला होता की, नदीचं पाणी बिघडलंय, वरनं रंगाचं पाणी येतं, कारखान्याची मळी येते. आप्पा ऐकायला तयार नव्हते. त्यांनी काय केलं असेल? दुकानातली सगळी वजनं तपासून घेतली. काट्याची पारडी उलटीसुलटी करून बघितली. कुणाला कमी तोललं का, म्हणून जुनी गिऱ्हाइकं आठवून आठवून त्यांच्या घरी शेर-अच्छेर पोचवून आले. आणि पावणे आजारी आहेत म्हणून गोळे वाढवले. ताकद यावी म्हणून गूळ घातला, आणि गोळे न फुटता तळाशी पोचावेत म्हणून कापूस दुप्पट.

मला त्यांची दया आली. पण मी काय सांगणार? मलाही वाटलं, पाणीच वाईट असेल.

मालकीणबाई त्याच उन्हाळ्यात गेली. सकाळी आप्पा तांब्या वाजवायला खाली उतरले तर ती पायरीला लागून पोट वर करून तरंगत होती. मी त्या वेळी माहेरीच होते, कुणीतरी धावत बोलवायला आलं. मी पोचले तेव्हा तो म्हातारा भोई तिथं होता आणि आप्पा त्याला म्हणत होते, "फाड. मला बघायचंय कशानं मेली." आयुष्यात ज्यांनी मेलेल्या मासळीकडं मान वळवली नाही, ते शेजारी उकिडवे बसून बघत होते. भोयानं पोट चिरलं. आतनं लिंबाएवढा एक गोळा निघाला. करडा, घट्ट, बोटानं दाबला तरी फुटेना. आप्पांनी तो हातात घेतला, नदीत धुतला आणि नखानं उकलायला लागले. कणीक कधीच विरघळून गेली होती. वर्ष-दोन वर्षांचा नुसता धागा एकात एक गुंतून राहिला होता. उकलता उकलता मधनं राणी रंग निघाला. ताजा, काल मागावरनं उतरल्यासारखा.

आप्पांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. मला तिथंच नदीत शिरावंसं वाटलं.

त्यानंतर दोन दिवसांनी ते भावाला घेऊन एस.टी.नं कबनूरला आले. मी आदल्या दिवशीच परतले होते. माझ्या लग्नानंतर ते आमच्या घरी मोजक्या वेळा आले असतील, तेही बारशाला वगैरे. चहा नको म्हणाले, पाणी नको म्हणाले. नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, उकिरडा दावा." आमचे हे गडबडले. सोयऱ्याला उकिरडा कुणी दाखवतं का? पण खोरं आणलं. भावानं आप्पांच्या सांगण्यावरनं कडेपासून खोदायला सुरुवात केली. वरचा थर अलीकडच्या सालातला. शेण कुजलं होतं, पाचोळा कुजला होता, भाज्यांची देठं कुजली होती, आणि त्या काळ्या खतात जागोजाग पांढरे पुंजके तसेच. खाली गेलं की, दरसाल उपसताना तळाशी राहून गेलेल्या थरात, जुन्या सुतीचे दिवस. तिथं एक धागा नाही. सगळी माती झालेली, भुसभुशीत, चांगला वास येणारी.

आप्पांनी एक पुंजका उचलून झटकला. माती पडून गेली, तो होता तसा. "हे कुजतच न्हाय व्हय?" त्यांनी विचारलं.

"कुजत न्हाय म्हणून तर खपतंय की मामा," नवरा म्हणाला. तो छद्मीपणानं नाही बोलला. धंद्याची खरी गोष्ट होती ती आणि सांगताना त्याचीही मान खाली होती.

भाऊ मास्तरच तो, समजावून सांगायला लागला. मातीत, पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात, तेच सगळं खाऊन कुजवतात. पान असो, कापूस असो, मेलेलं जनावर असो. पण हा धागा माणसानं केलेला, त्यांच्या ओळखीचा नाही. ते त्याला खात नाहीत.

"कुणीच खात न्हाय?"

"कुणीच न्हाय आप्पा."

"मग माझ्या पावण्यांनी का खाल्लं?"

भावानं खोरं खाली ठेवलं. शेडमधले माग चालूच होते. आप्पांनी स्वतःच उत्तर दिलं. "माझ्या हातचं हाय म्हणून खाल्लं," म्हणाले. "पयल्यापासनं खात आलीत. इस्वासानं."

भावानं त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला. म्हणाला, कबनूरची गटारं पंचगंगेला मिळतात, कापड धुतलेलं पाणी तिकडंच जातं. तुम्ही दिला नसता तरी नदीनं धागा आणून दिलाच असता. बारीक मासे तर वाहत आलेलाच खातात. आप्पा म्हणाले, "नदीनं दिलं ते नदी बघंल. म्या दिलं ते माझं." मला त्या घडीला सगळ्यांचाच राग आला. नवऱ्याचा, सासूबाईंच्या आहेराचा, सुरकुती नको म्हणणाऱ्या जगाचा. बायका ओव्यांत म्हणतात, नदीबाई, माझा निरोप माहेरी ने. आमच्या नदीनं माझ्या सासरचं काय माहेरी नेलं ते असं बघायचं नशिबी आलं.

आप्पा नंतरही रोज घाटावर जायचे. पीठ न्यायचे नाहीत, तांब्या न्यायचे नाहीत. अव्वाच्या लुगड्याची ती रिकामी पिशवी तेवढी घडी करून खिशात असायची. काट्याखालचं सांडलेलं पीठ दुकानाच्या कोपऱ्यात डब्यात साचून त्यात किडे व्हायला लागले, तेव्हा भावानं ते गुपचूप गाईला घातलं. पाण्यात उरलेली थोडी पिल्लं सवयीनं पायरीशी यायची, थोडा वेळ तोंडं वर करायची आणि जायची. ती आली की आप्पा उठून वरच्या पायरीवर जाऊन बसायचे. मी एकदा म्हटलं, कापूस न घालता नुसती कणीक द्या की. तर म्हणाले, "कणीक आता पिशवीतनं येती अक्का, कागदाच्या न्हवं, त्या चकचकीत पिशवीतनं. दळताना काय पडतंय, चाळताना काय पडतंय, मला कुठं दिसतंय? मी आता कुणालाच कायबी द्यायचा न्हाय." दासोह करणारा माणूस हे बोलला. याहून वाईट काय असतं, मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी मागून ठेवली. आमच्यात देह जाळत नाहीत, मातीत बसवतात. आप्पा म्हणाले, "मला सुती नेसवायचं. मातीला मला खायचंय, तिच्या घशात धागा अडकाय नको." आणि कुणावर सोपवायला नको म्हणून स्वतः बाजारात जाऊन, हातात घेऊन, पारखून एक कोरं धोतर आणलं आणि पेटीत ठेवलं. "सुती हाय," मला दाखवून म्हणाले. "म्या बघून घेतलंय." आयुष्यभर माल पारखलेला माणूस. मी हो म्हटलं.

ते गेले त्या वर्षी पंचगंगेला आणि कृष्णेला मोठा पूर होता. कुरुंदवाडच्या चारी अंगांनी पाणी, एस.टी. बंद, बाजारपेठेत कमरेएवढं पाणी, सगळी दुकानं कुलपात. त्यांची शुश्रूषा करायला मी आधीपासून तिथं होते. सकाळी गेले. गावातली चार माणसं जमली, उंचवट्यावरच्या जागी खड्डा घेतला. पाणी चढतंय, लवकर आटपा, म्हणून घाई चालली होती. मी पेटीतनं धोतर काढलं, घडी मोडली आणि सवयीनं काठाचा एक धागा ओढला. मागवाल्यांच्या घरात कापड हातात आलं की धागा जाळून बघतात. देवापुढच्या समईवर धरला. सुती धाग्याची राख होऊन उडून जाते. हा पेटला, आक्रसला आणि टोकाला एक काळा कडक मणी होऊन बोटाला चिकटला.

मी भावाला दाखवला. त्यानं बघितलं आणि डोळे मिटले. "अक्का, आता ह्या पाण्यात सुती कुठं हुडकू?" म्हणाला. घरात आप्पांची जुनी धोतरं होती, पण ती सगळी आमच्या ह्यांनी दिवाळीला दिलेली, टेरिकॉटची. माझी साडी तसलीच. चादरी तसल्याच. कापड विणणाऱ्या घरात दिलेली मी लेक, आणि बापाला हातभर सुती मिळेना. मी सगळं घर उपसलं. शेवटी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ती पिशवी सापडली. अव्वाच्या लुगड्याची, कणकेनं कडक झालेली. तिचा धागा काढून समईवर धरला. राख झाली.

आप्पांना विभूती लावली, बेल वाहिला, डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. उजव्या हातावर, ज्या हातानं ते पावण्यांना जेवू घालायचे त्या हातावर, मी ती पिशवी चढवली आणि मनगटाशी दोरीनं बांधली. बाकी अंगाला ते कोरं धोतर. माणसं त्यांना घेऊन गेली.

नातीला हे सांगितलं नाही. आप्पांना जाऊन इतकी वर्षं झाली, की ते आणि पिशवी आणि माती आता एकच झालं असेल. धोतर खाली तसंच असेल.